फाईल तिसऱ्यांदा परत आलीय. सरकारी खात्यात लोक कामं पुढे नेतात तरी कशी?

टिपणीवाली

नमस्कार मंडळी, वैतागून लिहितेय त्यामुळे इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्या. दीड वर्षापूर्वी एका सरकारी खात्यात लागले, अधिकारी म्हणून, म्हणजे नावालाच अधिकारी. आमच्याकडे एका योजनेचा अर्ज असतो, त्याला आठ कागद जोडायचे. त्यातला एक दाखला असा की तो आमच्याच खात्याची दुसरी शाखा देते. म्हणजे माणूस खालच्या मजल्यावर रांगेत उभा राहून आमच्याकडूनच कागद घेणार आणि वरच्या मजल्यावर आणून तो आम्हालाच देणार. मी प्रस्ताव टाकला की हा दाखला मागणं बंद करूया, नोंद आपल्याकडे आहेच, आपणच बघून घेऊ. बस एवढंच, खर्च नाही, नवं पद नाही, काही नाही.

पहिल्यांदा फाईल परत आली, 'नियमात तरतूद नाही'. दुसऱ्यांदा 'वित्त शाखेचे अभिप्राय घ्यावेत', आता जिथे पैशाचा संबंधच नाही तिथे वित्त शाखा कशाला देव जाणे. आणि परवा तिसऱ्यांदा आली तर त्यावर नुसते दोन शब्द, 'चर्चा करावी'. कोणी करावी, कोणाशी करावी, काही नाही. मी फाईल घेऊन साहेबांकडे गेले तर त्यांनी चष्मा वर करून आपलंच अक्षर निरखून बघितलं आणि म्हणाले, ठेवून जा, बघतो.

माझा प्रश्न असा की इतकी साधी गोष्ट होत नसेल तर मोठमोठी धोरणं होतात तरी कशी? कारण होतात ना, आपण बघतो. ती करणारे लोक वेगळं काय करतात? 'चिकाटी ठेवा' असलं काही सांगू नका प्लीज, ती आहे.

---

काडीबहाद्दर

'चर्चा करावी' म्हणजे 'मला सही करायची नाहीये पण नाही म्हणून लिहायचंही नाहीये'. सरकारी शब्दकोशात 'तपासून सादर करावे' याचा अर्थ 'माझी बदली होईपर्यंत आणू नका'. चालू द्या, मी बसलोय वाचत.

---

जुना कार्यासन

ताई, बत्तीस वर्षं टिपण्या लिहिल्या, आता निवृत्त आहे, वेळच वेळ आहे म्हणून लांब लिहितो.

पहिलं म्हणजे 'नियमात तरतूद नाही' हे वाक्य कधी ऐकून घ्यायचं नाही, तो नियम मागायचा. भांडून नाही हो, चहा पीत पीत, 'काका तो नियम जरा दाखवता का, टिपणीत उल्लेख करायचाय' असं. माझ्या सुरुवातीच्या काळात एका कामात असंच झालं, सगळे म्हणायचे अमुक प्रकरण तीन प्रतींत आलंच पाहिजे, नियम आहे. मी तो नियम शोधायला लागलो तर अधिनियमात नाही, नियमावलीत नाही, कुठल्या आदेशातही नाही. शेवटी एका जुन्या लिपिकाने कपाटाच्या तळातून सुतळीने बांधलेला गठ्ठा काढला, त्यात एक पत्र होतं. कुठल्यातरी साहेबांनी बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिलेलं, की तूर्तास टंकलेखनाचं यंत्र नादुरुस्त असल्याने पुढील आदेशापर्यंत अर्जदाराकडूनच तीन प्रती घ्याव्यात. यंत्र दुरुस्त झालं, भंगारात गेलं, त्याच्या जागी कॉम्प्युटर आले, पुढील आदेश मात्र कोणी काढलाच नाही! मी ते पत्र फाईलला पताका लावून जोडलं, चार ओळींची टिपणी लिहिली, आठवड्यात मान्यता. तोवर दोन वर्षं लोक त्याच विषयावर तात्त्विक चर्चा करत होते.

सांगायचं काय, तर नियम, प्रथा आणि 'आमच्याकडे असंच असतं' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खिडकीपलीकडून तिन्ही सारख्याच दिसतात. कायदा बदलायला विधिमंडळ लागतं, प्रथा मोडायला कधीकधी एका कक्ष अधिकाऱ्याची सही पुरते. आधी हे शोधा की तुमच्या अडथळ्याला नेमकी किती उंचीवरची सही लागते. बहुतेक नवे अधिकारी फाईल गरजेपेक्षा वर पाठवतात आणि मग ती तिथे हरवते, कारण वर बसलेल्या माणसाला ती इतकी छोटी वाटते की तो बघतच नाही.

दुसरं, मसुदा आपण लिहून द्यायचा. प्रस्ताव मान्य झाला तर जो आदेश निघेल तो शब्दशः टाईप करून सोबत लावायचा. सही करणाऱ्याला विचार करायला लावला की फाईल थांबते. आयतं पान समोर असलं की माणूस वाचतो, एखादा शब्द खोडतो (तेवढं खोडू द्यावं, त्यालाही वाटायला हवं ना की आपण काही केलं) आणि सही करतो.

---

लेखाआक्षेप

मी दुसऱ्या बाजूचा माणूस, लेखापरीक्षणातला. इथे नेहमीप्रमाणे 'अडवणारे बाबू' असा सूर लागायच्या आधी थोडं बोलतो.

ज्याने सही करायची त्याच्या खुर्चीत बसून बघा. तुमचा दाखला बंद झाला आणि हजार लोकांचा फेरा वाचला तर त्याच्या गोपनीय अहवालात त्याची एक ओळ येत नाही. पण त्या हजारात एक बोगस निघाला तर चार वर्षांनी आमच्यासारखा कोणीतरी येऊन विचारणार, दाखला न घेता लाभ कसा दिला, कोणाच्या आदेशाने दिला. आणि तेव्हा फाईलवर सही त्याची असते, तुमची कल्पना छान होती हे कोणालाच आठवत नाही. फायदा लोकांचा आणि जोखीम त्याची एकट्याची, असा हिशेब असेल तर मीही 'चर्चा करावी'च लिहीन.

म्हणून तुमच्या टिपणीत लोकांचा त्रास किती वाचेल यावर दोन पानं आणि सही करणाऱ्याचं संरक्षण काय यावर शून्य ओळी असतील तर उलटं करा. नोंद कोण तपासणार, तपासल्याची खूण कुठे राहणार, शंभरातली किती प्रकरणं पुन्हा पडताळणार हे लिहा. वित्त शाखेकडे पाठवली म्हणून चिडू नका, साहेबांना पैशाचा प्रश्न नव्हताच, त्यांना आणखी एक सही हवी होती. एकटं राहायचं नव्हतं त्यांना.

आणि अजून एक. अडवणं हे दरवेळी पापच असतं असं नाही. अमेरिकेत 1960 साली फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाई औषध मंजुरीच्या सरकारी खात्यात नव्याने लागल्या होत्या. थॅलिडोमाइडचा अर्ज त्यांच्या टेबलावर आला. युरोपात ते आधीच विकलं जात होतं, म्हणजे सगळ्यांच्या मते काम सोपं. तेव्हाचा नियम असा की खात्याने 60 दिवसांत हरकत घेतली नाही तर औषध आपोआप मंजूर. बाई काय करायच्या, मुदत संपायच्या आत 'माहिती अपुरी आहे' म्हणून अर्ज परत पाठवायच्या, की पुन्हा घड्याळ शून्यावर. कंपनीचे लोक वरिष्ठांकडे तक्रारी करत होते की ही बाई उगाच छळतेय. 1961 च्या शेवटी कळलं की गरोदरपणी ते औषध घेतलेल्या आयांची बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मतायत, जगभरात हजारोंनी. 1962 मध्ये केनेडींनी बाईंना पदक दिलं आणि त्याच वर्षी कायदाही कडक झाला. म्हणजे एका माणसाची दप्तरदिरंगाई हे दुसऱ्याचं कर्तव्य असू शकतं, आणि बाईंनी वापरलं काय तर तेच, तिसऱ्यांदा फाईल परत.

---

टिपणीवाली

@लेखाआक्षेप बापरे, ही बाजू मी खरंच बघितली नव्हती. माझ्या टिपणीत लोकांच्या त्रासावर अडीच पानं आहेत, एका आजींचा किस्सापण आहे 🙈 पडताळणीवर एक ओळ नाही.

---

काडीबहाद्दर

आजींचा किस्सा काढू नका, तेवढंच वाचण्यासारखं असेल त्या फाईलमध्ये.

---

वाचनवेडा

मी सरकारात नाही, पण हा विषय आवडीचा आहे.

जुना कार्यासन काकांच्या तीन प्रतींवरून आठवलं. अमेरिकेत 1980 चा एक कायदा आहे, पेपरवर्क रिडक्शन ॲक्ट, नावच बघा, लोकांची कागदपत्रं कमी व्हावीत म्हणून केलेला. त्यात असं आहे की सरकारी खात्याला दहा किंवा जास्त लोकांना तेच ठरावीक प्रश्न विचारायचे असतील तर राष्ट्राध्यक्षांच्या अर्थसंकल्प कार्यालयाची मंजुरी घ्यायची, आणि ती मिळायला महिनोन्महिने. झालं काय, खात्यांमध्ये समज पसरला की नागरिकांशी बोलायचंच नाही, कायद्याने बंदी आहे. वेबसाईट बनवणारे लोक वापरणाऱ्याला न भेटताच वेबसाईट बनवत राहिले. पुढे काही लोकांनी नीट वाचलं तर नियमांत सरळ होतं की एखादा माणूस फॉर्म कसा भरतो ते शेजारी बसून बघणं, मोकळ्या गप्पा मारणं याला ती मंजुरी लागतच नाही. तीच गोष्ट, सुतळीचा गठ्ठा.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते कारण त्यात माणूस हरलाय. दिल्ली मेट्रोचे श्रीधरन. सगळे त्यांची शिस्त, वेळेआधी काम, ते उलटं मोजणारं घड्याळ वगैरे सांगतात, ते आहेच. पण रुळांच्या रुंदीचा वाद कोणी सांगत नाही. त्यांना स्टँडर्ड गेज हवा होता, 1435 मिलिमीटर, जगात बहुतेक मेट्रो त्याच्यावर चालतात. रेल्वे म्हणाली नाही, ब्रॉडगेजच, 1676. वाद पार केंद्रापर्यंत गेला आणि श्रीधरन हरले. आता आपल्यासारखा माणूस इथे रुसून बसला असता, नाहीतर फेरविचारासाठी आणखी दोन वर्षं पत्रं लिहीत राहिला असता. त्यांनी ब्रॉडगेजवर काम सुरू ठेवलं आणि 24 डिसेंबर 2002 ला पहिला मार्ग सुरू केला. पुढच्या टप्प्यातल्या नव्या मार्गांना मात्र स्टँडर्ड गेज मिळाला! म्हणजे पहिल्या वेळी जे भांडून मिळालं नाही ते चालती गाडी दाखवल्यावर मिळालं. बरं त्यांना एक सोय मुळातच होती, दिल्ली मेट्रो ही केंद्र आणि दिल्ली सरकार यांची निम्मी-निम्मी मालकी असलेली वेगळी कंपनी, त्यामुळे दर टेंडरला मंत्रालयाच्या दारात उभं राहायचं नव्हतं. अशी सोय सगळ्यांना नसते हे कबूल.

तिसरी, देवीच्या रोगाची. 1974 साली बिहारमध्ये साथ जोरात होती. सरसकट सगळ्यांना लस टोचायच्या ऐवजी रुग्ण शोधायचा आणि त्याच्या भोवतीच्या लोकांना टोचायचं अशी पद्धत चालली होती. विल्यम फोगी यांनी 1966 मध्ये नायजेरियात लस कमी पडली म्हणून ती वापरली होती आणि ती लागू पडली होती. पण बिहारमध्ये घरोघर शोध सुरू केल्यावर रुग्णांचे आकडे वाढायला लागले, कारण पूर्वी जे लपलेले होते ते सापडायला लागले. आकडे वाढले की वरचे घाबरणारच ना, मंत्री म्हणाले पुरे झालं, पुन्हा सरसकट लसीकरणावर या. त्या बैठकीची हकीकत फोगींनी लिहून ठेवलीय, की एक तरुण भारतीय डॉक्टर उठला आणि म्हणाला आमच्या गावात एका घराला आग लागली तर आम्ही सगळ्या घरांवर पाणी ओतत बसत नाही, जळतंय त्यावर ओततो. मंत्र्यांनी एक महिना वाढवून दिला. वर्षभरात, मे 1975 मध्ये, देशातला शेवटचा रुग्ण.

मला यात आगीच्या उदाहरणापेक्षा तो एक महिना महत्त्वाचा वाटतो. मंत्र्याला 'तुमचं चुकलं' असं म्हणावं लागलं नाही, नुसतं 'बरं, अजून एक महिना बघू' एवढंच म्हणायचं होतं. आणि खरं तर शोध सुरू करायच्या आधीच वर जाऊन सांगायला हवं होतं की साहेब, आकडे आधी वाढतील, घाबरू नका.

---

सरळरेषा

सगळं फार गोड चाललंय, चहा पीत पीत नियम मागा, साहेबांना शब्द खोडू द्या. मला नाही पटत. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन आठवा, डिसेंबर 1990 ते 1996. एक नवा कायदा आणला नाही त्या माणसाने. आचारसंहिता आधीपासून होती, साठच्या दशकापासून, फक्त कोणी ती मनावर घेत नव्हतं. घटनेच्या 324 कलमात आयोगाला अधिकार आधीपासून होते. त्यांनी ते वाचले आणि वापरले, ओळखपत्रं दिली नाहीत तर निवडणुका घेत नाही म्हणाले, आणि अख्खी यंत्रणा हलली. समोरच्याला जरब बसल्याशिवाय काही होत नाही, हे लिहून ठेवा.

---

जुना कार्यासन

@सरळरेषा शेषन साहेबांबद्दल मलाही आदर आहे. पण तुम्ही गोष्ट अर्धी सांगितलीत. ऑक्टोबर 1993 मध्ये सरकारने काय केलं, आणखी दोन आयुक्त नेमले. तिघांचा आयोग, बहुमताने निर्णय. शेषन कोर्टात गेले आणि 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते तिघांचंच कायम केलं. आयोगाचा दरारा टिकला हे खरं, पण एकट्याच्या हातातली काठी गेली. आणि दुसरं म्हणजे त्यांना घटनेचं संरक्षण होतं, न्यायाधीशाला काढायला लागते तशी प्रक्रिया केल्याशिवाय त्यांना हलवता येत नव्हतं. ह्या ताईंना दीड वर्ष झालंय. उद्या त्यांनी साहेबांना 324 दाखवलं तर सोमवारी त्या अभिलेख कक्षात उंदीर मोजत असतील.

---

काडीबहाद्दर

अभिलेख कक्षात सुतळीचे गठ्ठे असतात पण. वाईट पोस्टिंग नाही.

---

हमीवाला

इथे सगळे फाईल मंजूर कशी करून घ्यायची यावरच बोलतायत. मंजूर झाल्यावर मरते त्याचं काय? मी कितीतरी योजना बघितल्या ज्यांचा आदेश सुंदर निघाला, फोटो आले, पुढच्या वर्षी तरतूद निम्मी, त्याच्या पुढच्या वर्षी बजेटमधल्या तिच्या ओळीत नावापुरते हजार रुपये.

या बाबतीत महाराष्ट्राच्या रोजगार हमीचं उदाहरण बघा, वि. स. पागे यांनी जिचा पाठपुरावा केला ती. 1972 च्या दुष्काळात योजना राज्यभर आली, कायदा 1977 चा, अंमल 1979 पासून. पण मधे 1975 मध्ये एक गोष्ट केली ती मला सगळ्यात हुशारीची वाटते, व्यवसाय कर. पगारदारांच्या पगारातून कापला जाणारा तो कर रोजगार हमीसाठी म्हणून लावला, आणि जेवढा जमेल तेवढीच भर सरकारने घालायची. म्हणजे योजनेचे पैसे दरवर्षी वित्त विभागाच्या मूडवर राहिले नाहीत, त्यांचं आपलं असं मूळ तयार झालं. वर काम मागणं हा हक्क केल्यामुळे 'यंदा निधी संपला' असं म्हणायचीही पंचाईत. अंमलबजावणीत घोळ झाले, घोटाळे झाले, ते आहेच. पण दुष्काळातली तात्पुरती गोष्ट पन्नास वर्षं टिकली आणि 2005 मध्ये देशाने कायदा केला तेव्हा समोर हाच नमुना होता.

म्हणून ताई, तुमचा दाखला बंद झाला तरी छापील अर्जाचा नमुना बदललाय का ते बघा. आदेश निघतो, नमुना जुनाच छापला जातो, आणि खिडकीवरचा माणूस नमुना बघून काम करतो, आदेश बघून नाही. नमुन्यात रकाना राहिला तर दाखला राहिला, कोणी कितीही सह्या करो.

---

टिपणीवाली

तीन आठवड्यांनी येतेय, सॉरी. सगळ्यांना उत्तर देत नाही पण सगळं वाचलं, दोनदा.

आधी नियम मागितला. आमच्या वरिष्ठ लिपिक बाईंनी नियमावली काढली आणि त्यात लिहिलंय 'अर्जदाराची नोंद असल्याची खात्री करून'. दाखल्याचा शब्दच नाही! खात्री करायची एवढंच आहे, कशी ते नाही. मी त्यांना विचारलं मग दाखला आला कुठून, तर म्हणाल्या पूर्वी खालच्या शाखेची वही दुसऱ्या इमारतीत होती, तिकडे जाऊन बघायला माणूस नव्हता, म्हणून अर्जदारालाच आणायला लावायचे. वही आता आमच्याच सर्व्हरवर आहे. आणि मग त्यांनी अजून एक सांगितलं जे मला दीड वर्षात कोणी सांगितलं नव्हतं, की साहेबांवर आधीच्या ऑफिसात अशाच एका कागदावरून वसुली निघाली होती, बरीच वर्षं चालली. तेव्हा कळलं चष्मा वर करून काय बघत होते ते.

टिपणी नव्याने लिहिली. अडीच पानांची एक पान केली. आजी गेल्या (सॉरी काडीबहाद्दर). प्रस्ताव आता 'दाखला बंद करणे' असा नाहीये, 'नियमानुसार खात्री कार्यालयीन नोंदीवरून करणे' असा आहे, कारण नियम तेच सांगतोय, नवीन काही नाहीच. फक्त एका शाखेत, तीन महिने, तपासणाऱ्याची सही आणि तारीख अर्जावर, दहातलं एक प्रकरण पुन्हा पडताळायचं. आणि वाचनवेडा यांचं ऐकून आधीच लिहून टाकलं की सुरुवातीला नोंद न जुळणारी प्रकरणं जास्त दिसतील कारण आजवर ती कोणी बघतच नव्हतं. आदेशाचा मसुदा सोबत, अर्जाचा बदललेला नमुनापण सोबत.

फाईल घेऊन मी स्वतः गेले. साहेबांनी वाचली, मसुद्यातलं 'तपासणी' खोडून 'पडताळणी' केलं. मग बराच वेळ पेन हातात धरून बसले. म्हणाले दहातलं एक कशाला, पाचातलं एक करा. मी म्हटलं करते. सही केली, वर पाठवलीय.

---

जुना कार्यासन

'पडताळणी'च बरोबर आहे. सहीखाली तारीख घातलीय का त्यांनी?

---

टिपणीवाली

नाही 😬

---

जुना कार्यासन

मग उद्या सकाळी जा, चहाच्या आधी.